जखमी खार किंवा खारीचं पिल्लू सापडलं तर काय करावं

मे महिना अर्धा सरला की खारींसाठी येणारे फोन वाढतात. पावसाळ्याआधी झाडांच्या फांद्या छाटायला सुरुवात होते, कोकणात पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ उतरवणारे, माडांच्या शेंड्यांची साफसफाई करतात, आणि घरट्यांसकट पिल्लं खाली येतात. बाकी वर्षभर मांजर, कावळे, विजेच्या तारा, उंदरांसाठी लावलेले चिकट पुठ्ठे आणि उघड्या पाण्याच्या टाक्या आहेतच. फोनवर पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : दूध किती द्यायचं?

दूध द्यायचं नाही. हे मी जोर देऊन सांगते, कारण पडण्यातून वाचलेली कितीतरी पिल्लं मायेनं पाजलेल्या गाईच्या दुधामुळे जातात. आधी ऊब, मग शांतता, मग जाणकार माणसाला फोन. पोटात काही घालायचंच असेल तर ते सगळ्यांत शेवटी. हा क्रम सोडला नाही, तर पहिल्यांदाच खार हातात घेणाऱ्या माणसाकडूनही तिला खरी मदत होते.

आपल्या अंगणात दिसते ती खार फार लहान जीव आहे. पाठीवर तीन पट्टे असलेली आणि पाच पट्टे असलेली, अशा दोन्ही जाती महाराष्ट्रात आढळतात. पूर्ण वाढलेल्या खारीचं वजन साधारण शंभर ग्रॅम असतं. एवढ्याशा शरीरातली उष्णता आणि पाणी झपाट्यानं कमी होतं, म्हणून "उद्या बघू" इथे चालत नाही.

खरंच मदत हवी आहे का, ते आधी बघा

उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, दुपारी खारी सावलीतल्या गार फरशीवर किंवा जाड फांदीवर चारही पाय पसरून पोटावर पडून राहतात. अंग थंड करायची ती त्यांची रीत आहे. तुम्ही दोन पावलं पुढे गेलात आणि ती झटकन पळाली, तर ती ठणठणीत आहे. सावलीत उथळ बशीत पाणी ठेवा आणि तिला तिच्या जागी राहू द्या.

मदत केव्हा लागते? माणूस जवळ येऊनही खार पळत नाही. एका कुशीवर पडली आहे, मागचे पाय ओढत चालते, गोल गोल फिरते किंवा मान एका बाजूला वाकडी धरते. नाकातून रक्त येतंय, अंगावर माश्या बसताहेत. मांजरानं तोंडात धरलेली खार मात्र वरून कितीही बरी दिसो, ती रुग्णच समजा. अंगावर केस असलेलं, डोळे उघडलेलं पिल्लू आपणहून माणसाच्या पायाशी येत असेल, पायजम्यावर चढत असेल, तर ते भुकेलं आहे आणि बहुधा त्याची आई नाही. लोकांना ते माणसाळलेलं वाटतं, पण रानातलं पिल्लू असं येतं ते नाइलाजानं.

उचलायचं कसं

शेपटीला हात लावायचा नाही. शेपटीवरची कातडी नाजूक असते, धरून ओढली तर ती सोलून हातात येते आणि ती जखम भरत नाही. मोठी खार असेल तर तिच्यावर जाडसर टॉवेल किंवा जुनी चादर अलगद टाका आणि कापडासकट दोन्ही हातांच्या ओंजळीत उचला. छातीवर दाब पडू देऊ नका. हात लावायचा धीर होत नसेल तर तिच्यावर खोका उपडा घाला, खालून पुठ्ठा सरकवा आणि सगळं एकदम उलटं करा. हीच पद्धत सगळ्यांत सुरक्षित आहे, तुमच्यासाठीही आणि तिच्यासाठीही.

घाबरलेली खार चावते, आणि तिचे पुढचे दात नारळाची करवंटी कुरतडणारे आहेत. मोठ्या खारीला उघड्या हातानं धरू नका. डोळे न उघडलेलं पिल्लू मात्र धुतलेल्या हातानं उचलायला हरकत नाही. आजूबाजूला मांजर, कुत्रं किंवा मोबाइल घेऊन वाकलेली मुलं असतील तर त्यांना आधी लांब करा.

डबा आणि ऊब

बुटांचा खोका घ्या, झाकणाला पेन्सिलीनं भोकं पाडा, आत जुना मऊ टी-शर्ट पसरा. टर्किश टॉवेल किंवा लोकर नको, त्यांच्या धाग्यांत नखं अडकतात आणि सुटायच्या धडपडीत बोटं मोडतात. सुटा कापूसही नको. तो पिल्लाच्या नाकातोंडात जातो.

आता ऊब. पिल्लू तळहातावर घेतल्यावर तुमच्या हाताला गार लागलं, तर ते थंडीनं आखडलं आहे आणि बाकी सगळं थांबवून आधी हेच काम करायचं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत गरम पाणी भरा, झाकण घट्ट आहे ना ते उलटं करून बघा, बाटली कापडात गुंडाळा आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा. अर्धा खोका उबदार, अर्धा साधा. जास्त गरम झालं तर त्याला सरकता आलं पाहिजे. बाटली नसेल तर जुन्या पायमोज्यात तांदूळ भरून गाठ मारा आणि तव्यावर मंद आचेवर शेकून घ्या. वीज गेली तरी हा उपाय चालतो. दोन्ही गोष्टी आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, चटका बसता कामा नये. बाटली दोन-अडीच तासांत निवते, आणि निवलेली बाटली पिल्लाची ऊब उलट ओढून घेते, म्हणून ती बदलत राहावं लागतं.

हेअर ड्रायर, गरम पाण्यात बुडवणं, उन्हात ठेवणं, यांतलं काहीही करू नका. आणि एक अपवाद लक्षात ठेवा : डोक्याला मार लागलेल्या खारीला शेक द्यायचा नाही. नाकातून रक्त, दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या, तोल जाणं, यांतलं काही दिसलं तर अंधार, शांतता आणि घरातली नेहमीची हवा एवढंच पुरे. उन्हाच्या तडाख्यानं पडलेल्या खारीलाही ऊब नको. तिला सावलीत आणा, पाय आणि शेपूट साध्या पाण्यानं ओली करा. बर्फ लावू नका.

खोका बंद करा आणि माणसांची वर्दळ नसलेल्या खोलीत ठेवा. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघायचा मोह होतो. पण रानातल्या जिवासाठी आपला चेहरा म्हणजे शिकाऱ्याचा चेहरा. त्या भीतीनंच अशक्त खारी दगावतात. टीव्ही बंद ठेवा आणि शेजाऱ्यांना बघायला बोलावू नका.

पिल्लू असेल तर आईला संधी द्या

माणसाचा हात लागला की आई पिल्लू घेत नाही, हा समज अगदी घट्ट रुजलेला आहे आणि तो खरा नाही. खारीची आई पिल्लू न्यायला येते. तिची एकाहून जास्त घरटी असतात, आणि एक मोडलं तर ती पिल्लं दुसरीकडे हलवते. म्हणून पिल्लाला जखम नसेल, मांजरानं धरलेलं नसेल आणि दिवस शिल्लक असेल, तर पहिला प्रयत्न हाच.

पिल्लू आधी पूर्ण ऊबदार करा, कारण गार पडलेलं पिल्लू आई बऱ्याचदा मेलेलं समजून सोडून देते. मग एका लहान टोपलीत कापड, त्याखाली कोमट बाटली, वर पिल्लू. टोपली त्याच झाडाच्या बुंध्याला किंवा फांदीला डोक्याइतक्या उंचीवर घट्ट बांधा, हलती ठेवू नका. वर ऊन-पाऊस येणार नाही असं बघा, पण टोपली झाकून टाकू नका. घरटं शाबूत खाली पडलं असेल तर ते तसंच टोपलीत ठेवा, त्याला आईचा वास असतो. मग सगळ्यांनी लांब जायचं, खरंच लांब, गॅलरीत किंवा खिडकीआड. कावळे घिरट्या घालत असतील तर नजर ठेवा.

पिल्लू भूक लागली की बारीक, टोकदार आवाजात ओरडतं. तो आवाज आईला खूप लांबून ऐकू येतो. ती आधी वरच्या फांद्यांवर येते, शेपटी झटकत चिर्र चिर्र ओरडते, खाली डोकं करून थोडी उतरते, पुन्हा वर पळते. असं बराच वेळ चालतं. मग एकदम टोपलीत शिरते, पिल्लाला पोटाच्या कातडीला तोंडात धरून उलटं करते, आणि पिल्लू तिच्या मानेभोवती स्वतःला गुंडाळून घेतं. तशीच ती सरसर वर जाते. तीन पिल्लं असतील तर तीन खेपा करते, आणि मधे वेळ जातो. पहिलं नेल्यावर "बाकीची नको असतील" म्हणून उरलेली उचलू नका.

खार दिवसा वावरणारा प्राणी आहे. संध्याकाळ पडेपर्यंत आई आली नाही तर पिल्लू आत आणा, रात्रभर उबेत ठेवा आणि सकाळी उजाडताच पुन्हा एकदा टोपली बांधा. तरी नाही आली, तर मात्र पुढची व्यवस्था लावायची.

घरटं तुमच्या एसीच्या बाहेरच्या युनिटमध्ये, मीटरच्या पेटीत किंवा पडद्याच्या दांडीवर सापडलं असेल तर शक्यतो राहू द्या. पिल्लं आठ-दहा आठवड्यांत दूध सोडून स्वतःची स्वतः बाहेर पडतात. काम अडलंच असेल तर सकाळी लवकर करा, म्हणजे आईला पिल्लं हलवायला पूर्ण दिवस मिळतो.

फोन कुणाला

हे काम ऊब दिल्या दिल्या सुरू करायचं. महाराष्ट्रात वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर, म्हणजे वन्यप्राण्यांचं तात्पुरतं उपचार केंद्र आहे, पुण्यात रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट वन्यप्राण्यांवर उपचार करते, मुंबईत परळचा प्राण्यांचा जुना दवाखाना आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं. गावात सर्पमित्रांना विचारा, पिल्लं सांभाळणारी माणसं त्यांना माहीत असतात.

खासगी डॉक्टरांकडे जाण्याआधी फोन करून एवढंच विचारा : "तुम्ही खार, ससा, गिनीपिग असे छोटे प्राणी बघता का?" बरेच दवाखाने फक्त कुत्री-मांजरं बघतात. तिथे जाऊन परत फिरण्यात तास जातो, आणि भुंकणाऱ्या कुत्र्यांच्या रांगेत खार अर्धमेली होते. फोनवर सांगायच्या गोष्टी : कुठे सापडली, केव्हा, मांजर किंवा तार जवळ होती का, डोळे उघडे आहेत का, अंग गार की गरम, तुम्ही काही पाजलं का. पाजलं असेल तर लपवू नका.

पाणी आणि दूध

मदत तासाभरात मिळणार असेल तर काहीच पाजू नका. रात्र काढायची असेल तरच पुढचं वाचा, आणि शक्यतो जाणकारांशी फोनवर बोलत करा.

गार पिल्लाला कधीच पाजायचं नाही. थंड शरीरात पचन चालत नाही. पिल्लू गरम झालं, हलायला लागलं, की साधं ओआरएस पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात पाण्यात मिसळून कोमट करा. एक मिलिलिटरची, सुई काढलेली सिरिंज घ्या. पिल्लाला तान्ह्या बाळासारखं उताणं धरायचं नाही. पोटावर, डोकं थोडं वर, कापडात अर्धवट गुंडाळून. थेंब ओठांच्या कडेला लावायचा आणि त्यानं तो चाटून गिळेपर्यंत थांबायचं. मग पुढचा थेंब. घाई केली की पाणी श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो, पिल्लं दगावण्याचं हे मोठं कारण आहे. नाकातून बुडबुडा आला तर लगेच थांबा, डोकं खाली करा, नाक पुसून घ्या. नंतर श्वासाबरोबर टिकटिक असा आवाज येत असेल तर डॉक्टर गाठावाच लागेल.

ओआरएस पचलं आणि अजून मदत नाही, तर गाईम्हशीचं दूध नको, लहान बाळांची पावडरही नको. कुत्र्याच्या पिल्लांसाठीची दुधाची पावडर प्राण्यांच्या औषधांच्या दुकानात मिळते. सुरुवातीला ती पातळ करून द्यायची. एका वेळचं प्रमाण वजनाच्या पाच टक्क्यांपर्यंत, म्हणजे २० ग्रॅमच्या पिल्लाला १ मिलिलिटर. वजनाचा अंदाज डोळ्यानं करू नका, ग्रॅममध्ये मोजणारा छोटा डिजिटल काटा फार महाग नसतो. डोळे मिटलेल्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा.

आणि एक गोष्ट, जी नवख्या माणसाला ठाऊकच नसते : डोळे मिटलेलं पिल्लू आपणहून शू-शी करू शकत नाही. आई चाटते तेव्हाच ती होते. प्रत्येक पाजण्याआधी आणि नंतर कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडानं खालच्या भागावर हलकेच टिपत राहा. नाही केलं तर मूत्राशय फुगून पिल्लू मरतं, आणि दूध तर बरोबर पाजलं होतं, मग काय झालं, हे कुणाला कळत नाही.

मोठ्या खारीच्या तोंडात काही घालू नका. झाकणात पाणी आणि काकडीची किंवा सफरचंदाची फोड ठेवा. शुद्धीत असेल तर खाईल. बिस्किट, पाव, खारे शेंगदाणे नकोत.

जखमा

मांजराचा दात अगदी बारीक भोक पाडतो, केसांखाली ते दिसतही नाही. पण मांजराच्या तोंडातले जिवाणू रक्तात पसरले की एक-दोन दिवसांत खार जाते. म्हणून मांजराच्या तावडीतून सुटलेल्या खारीला काही तासांत अँटिबायोटिक लागतं, आणि ते डॉक्टरच ठरवतील. घरातल्या क्रोसिन-बिसीनचा तुकडा देऊ नका. खार उलटी करू शकत नाही, पोटात गेलेलं बाहेर काढायचा मार्ग तिच्याकडे नाही.

जखमेजवळ, कानात, शेपटीखाली तांदळाच्या कणीसारखं पांढरं काही चिकटलेलं दिसलं तर ती माशीची अंडी आहेत. पावसाळी हवेत ती फुटायला फार वेळ लागत नाही. जुन्या टूथब्रशनं किंवा चिमट्यानं ती काढा. गुरांच्या जखमेत किडे पडले की टर्पेंटाइन किंवा फिनेल ओततात, तसं इथे कधीही करू नका, एवढ्याशा शरीराला ते विष आहे. गोचिड-पिसवांची कुत्र्यांसाठीची पावडरही नको.

चिकट पुठ्ठ्यावर अडकलेली खार ओढून काढू नका, कातडी निघते. आधी उघड्या डिंकावर पीठ किंवा टाल्कम पावडर भुरभुरवा, म्हणजे आणखी अंग चिकटणार नाही. पुठ्ठ्याचा मोकळा भाग कापून टाका. मग बोटानं खायच्या तेलाचा थेंब थेंब लावत एकेक पाय सोडवा. रॉकेल, थिनर काहीही नको. तेलकट अंगात ऊब टिकत नाही, म्हणून सुटल्यावर लगेच खोका आणि बाटली. खूप चिकटली असेल तर पुठ्ठ्यासकटच दवाखान्यात न्या.

संक्रांतीच्या सुमारास मांजा पायात रुतलेला असतो. सुटा दोरा कापा, रुतलेला उपसू नका. तारेवर अजून चिकटलेल्या खारीला हात, काठी, काही लावू नका, वीज कंपनीला कळवा. शॉक लागून खाली पडलेली खार सावध दिसली तरी भाजल्याच्या जखमा दोन-तीन दिवसांनी उघड होतात, तिला डॉक्टरांना दाखवा. उंदराचं औषध खाल्ल्याची शंका असेल, नाक-हिरड्यांतून रक्त येत असेल, तर औषधाचं पाकीट सोबत न्या.

तुम्हाला चावली तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. खारीसारख्या छोट्या कुरतडणाऱ्या प्राण्यांत रेबीज क्वचितच आढळतो, पण लस घ्यायची की नाही आणि धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल का, हे डॉक्टरांना ठरवू द्या. एवढ्यासाठी खारीला मारू नका.

शेकरू असेल तर

भीमाशंकर, महाबळेश्वर, सह्याद्रीतली किंवा मेळघाटातली दाट झाडी, अशा ठिकाणी पडलेलं मोठं, तांबूस पिंगट, लांब झुपकेदार शेपटीचं जनावर म्हणजे शेकरू, आपला राज्यप्राणी. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली मुख्यतः त्याच्यासाठीच झालं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत तो आहे. वजन दीड-दोन किलोपर्यंत आणि चावा बोट तोडणारा. त्याला उचलू नका, घरी तर मुळीच नेऊ नका. कुत्री लांब ठेवा, सावली करा, जागा नीट लक्षात ठेवा आणि १९२६ वर किंवा जवळच्या वनरक्षकाला कळवा. येईपर्यंत लांब उभं राहून राखण केलीत तरी मोठं काम झालं.

सांभाळणं आणि सोडणं

खार वन्यप्राणी आहे, पिंजऱ्यात पाळायची नाही. पिल्लू वाढवायचं काम अनुभवी केंद्राकडे द्यावं हे उत्तम. नुसत्या दूध-बिस्किटावर आणि शेंगदाण्यांवर वाढवलेल्या पिल्लांची हाडं कॅल्शियमअभावी ठिसूळ होतात, मागचे पाय लुळे पडतात. घरात लाडानं वाढलेल्या खारींत हे पुन्हा पुन्हा दिसतं. शिवाय त्यांना मांजराची भीती उरलेली नसते.

बरी झालेली मोठी खार जिथे सापडली तिथेच सोडायची. दुसऱ्या बागेत तिला ना झाड ओळखीचं, ना घरटं, आणि तिथल्या खारी तिला हुसकावतात. सोडण्याआधी ती खोलीत सरळ चढते का, उडी नीट घेते का, माणसाला बघून पळते का, हे बघा. सोडायची वेळ नेहमी सकाळची. पाऊस किंवा वादळाचा अंदाज असेल तर एक दिवस थांबा. खोका झाडाच्या बुंध्याशी आडवा ठेवा, झाकण काढा आणि मागे सरा. काही खारी क्षणात शेंड्यावर जातात, काही अर्धा तास आतच बसतात. हलवून बाहेर काढू नका.